बीडीएसच्या तिसऱ्या वर्षासाठी हेडलाइट कोणता घ्यावा?

तिसरे_वर्ष

नमस्कार मंडळी. मी बीडीएसच्या (दंतवैद्यक पदवीच्या) तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून आमची क्लिनिकची पोस्टिंग नुकतीच सुरू झाली आहे. दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) काम करताना उजेडाची अडचण फारशी जाणवली नव्हती, कारण रबरी गाल हवा तसा ओढता येतो आणि मध्ये जीभ येत नाही. खऱ्या रुग्णाच्या तोंडात मात्र वरच्या दुसऱ्या दाढेची मागची बाजू पाहायची म्हटले, की चेअरचा दिवा कसाही फिरवला तरी आपले डोके नाहीतर हात आड येतो. शिवाय आम्हा विद्यार्थ्यांना सहायक नसतो. दिवा हलवायचा तर ग्लोव्ह्ज घातलेल्या, लाळ लागलेल्या हाताने त्याचा दांडा धरावा लागतो, किंवा शेजारच्या चेअरवर काम करणाऱ्या मैत्रिणीला तिचे काम थांबवून बोलवावे लागते. या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत, म्हणून स्वतःचा हेडलाइट, म्हणजे डोक्यावर बसणारा दिवा, घ्यायचे ठरवले आहे.

बाजारात चौकशी केली तर गोंधळच वाढला. चष्म्याला चिमट्याने अडकवायचे, कपाळावर पट्ट्याने बांधायचे, कमरेला बॅटरी लावून वायर वर नेणारे आणि बॅटरीसकट नाकावरच बसणारे असे अनेक प्रकार आहेत. किमती काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. जाहिरातींत कुठे ३०,००० लक्स, कुठे ६०,००० लक्स असे आकडे ठळक अक्षरांत दिलेले असतात, पण त्यांवरून नेमके काय ठरवायचे ते कळत नाही. मला नंबरचा चश्मा आहे. इन्स्ट्रुमेंटचा खर्च आधीच बराच झाल्यामुळे घरून दहा हजारांच्या आतच पैसे मागता येतील. वायरचा घ्यावा की बिनवायरचा, किती लक्स पुरेसे, नारिंगी फिल्टर खरोखर लागतो का, आणि आधी लूप (चष्म्यावर बसणारी, मोठे दाखवणारी भिंगे) घेऊन मग दिवा घेणे योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नागपूरची_इंटर्न

वायरचाच घ्या. बिनवायरच्या दिव्यात बॅटरीचे सगळे वजन नाकावर येते आणि दोन रूट कॅनल लागोपाठ केले की नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतात. वायरची अडचण होते असे सगळे म्हणतात, पण ती एप्रनच्या आतून पाठीमागून खाली नेली आणि मानेपाशी कॉलरला एक चिमटा लावला, तर चेअरच्या हाताला किंवा ट्रेला अडकत नाही. फक्त चेअरवरून उठताना बॅटरी खिशात आहे की बाजूच्या टेबलावर राहिली आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

अक्कलदाढ

मी कॉन्झर्व्हेटिव्ह (दात भरण्याच्या आणि रूट कॅनलच्या) विभागात शिकवतो आणि संध्याकाळी स्वतःचा दवाखानाही पाहतो. दरवर्षी विद्यार्थी हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा सल्ला दिवा आधी, लूप नंतर असा आहे.

आधी लक्सचे पाहू, कारण विक्रेता तोच आकडा पुढे करतो. एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो याचे ते माप आहे. त्यामुळे तो पृष्ठभाग दिव्यापासून किती अंतरावर होता हे सांगितल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही. ढोबळमानाने अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. भिंगाने झोत किती एकवटला आहे यानुसार यात थोडाफार फरक पडतो, पण या हिशेबाने २५ सेंटिमीटरवर मोजलेले ४०,००० लक्स ४० सेंटिमीटरवर साधारण साडेपंधरा हजारच भरतात. आपण पाठ ताठ ठेवून बसलो तर डोळ्यापासून दातापर्यंत ३५ ते ४५ सेंटिमीटर अंतर राहते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा, की हा आकडा कोणत्या अंतरावर मोजला आहे. त्याला उत्तर देता आले नाही, तर तो आकडा विसरून जा. मोबाइलमधले लक्स मोजणारे ॲप अचूक नसते, परंतु एकाच फोनने, एकाच अंतरावरून दोन दिव्यांची तुलना करायला ते उपयोगी पडते.

उजेड जितका जास्त तितका चांगला, हेही खरे नाही. खोलीतला उजेड ५०० लक्स आणि तोंडातला ५०,००० लक्स धरला, तर ट्रेवरचा एक्सकॅव्हेटर (कीड खरवडण्याचे इन्स्ट्रुमेंट) उचलायला नजर वळवली की प्रत्येक वेळी डोळ्यांना शंभरपटीचा फरक पेलावा लागतो. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, डोके जड होते आणि दोष चष्म्याच्या नंबरला दिला जातो. शिवाय ओल्या इनॅमलवरून आणि आरशावरून येणाऱ्या चकाकीत बारीक चीर किंवा कीड लागण्याच्या सुरुवातीचा पांढरट डाग लपून जातो. काम करण्याच्या अंतरावर २० ते २५ हजार लक्स आणि उजेड कमी-जास्त करण्याची सोय, एवढे मिळाले तर विद्यार्थ्याला पुरे आहे. मी स्वतः बहुतेक काम मधल्या पायरीवर करतो.

माझ्या मते निवड करताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते, आणि ती म्हणजे दिवा आपल्या नजरेच्या रेषेला किती लगटून बसतो. दिवा दोन डोळ्यांच्या मधोमध, भुवयांच्या जवळ बसला, तर जिथे नजर जाते तिथेच उजेड जातो, आणि सावली वस्तूच्या मागे पडल्यामुळे आपल्याला दिसत नाही. दिवा जसजसा वर सरकतो तसतशी सावली उघडी पडू लागते. दिवा डोळ्यांच्या ४ सेंटिमीटर वर आणि दात ४० सेंटिमीटर दूर असेल, तर तिरकेपणा दहास एक झाला. वरच्या पहिल्या दाढेत कस्पच्या (दाढेच्या उंचवट्याच्या) टोकापासून पल्प चेंबरचा (आतल्या नसेच्या पोकळीचा) तळ साधारण ८ मिलिमीटर खोल असतो. म्हणजे ॲक्सेसच्या (त्या पोकळीपर्यंत पाडलेल्या छिद्राच्या) कडेची सावली तळावर सुमारे ०.८ मिलिमीटर पडेल. कपाळावरच्या पट्ट्याचा दिवा डोळ्यांपासून ८ सेंटिमीटर वर बसतो, तेव्हा तीच सावली १.६ मिलिमीटर होते. एमबी-टू या जास्तीच्या कॅनलचे तोंड मुख्य मेसिओबकल (पुढच्या, गालाकडच्या) कॅनलपासून पॅलेटल (टाळूच्या) बाजूला थोड्याच अंतरावर आणि बहुधा डेंटिनच्या कडेखाली दडलेले असते. दीड मिलिमीटर सावलीत ते आख्खे अंधारात जाते, मग दिवा लाख लक्सचा का असेना. ट्रेकिंगसाठी मिळणारे पट्ट्याचे दिवे या कामाला का चालत नाहीत, याचे मुख्य कारण हे आहे.

रंगाबद्दल थोडेसे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड मिळवलेला असतो. स्वस्त दिव्यांचा उजेड बहुधा ६,५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेचे माप) पुढे, निळसर असतो आणि त्यात तांबड्या रंगाचा वाटा फार थोडा असतो. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचे माप) म्हणून जो आकडा छापतात तो आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढलेला असतो, गडद तांबडा त्यात धरलेलाच नसतो. तो आर-नाइन या नावाने वेगळा मोजतात. आपले निम्मे निदान तांबड्यातल्या छटांवर चालते. हिरडी गुलाबी आहे की सुजून लालसर झाली आहे, उघडा पडलेला पल्प ताज्या रक्ताचा आहे की काळपट, हे निळसर उजेडात नीट ठरवता येत नाही. ५,००० ते ५,५०० केल्विन आणि सीआरआय ९०च्या वर असेल तर उत्तम. तपशील मिळत नसेल तर दुकानात स्वतःचा तळहात उजेडाखाली धरून पाहा. तो राखाडी, निर्जीव दिसला तर दिवा परत ठेवा. दाताची शेड मात्र कितीही चांगल्या हेडलाइटखाली घेऊ नये, ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशीच घ्यावी.

आता नारिंगी फिल्टर. तो लागतोच, यात दुमत नाही. कॉम्पोझिटमधले (दाताच्या रंगाच्या भरणातले) कॅम्फरक्विनोन हे रसायन ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाने जागे होते आणि ४७०च्या आसपास त्याचा प्रतिसाद सर्वाधिक असतो. पांढऱ्या एलईडीचे निळे शिखर ४५०च्या जवळपास असते. म्हणजे क्युअरिंग लाइट (भरण घट्ट करणारा दिवा) जे काम मुद्दाम करतो तेच आपला हेडलाइट नकळत, हळूहळू करत राहतो. आयएसओ ४०४९ या मानकाची अट अशी आहे, की कॉम्पोझिटने साधारण ८,००० लक्स उजेडात ६० सेकंद मऊ आणि एकजीव राहिले पाहिजे. तुमचा दिवा त्याच्या तिप्पट उजेड टाकत असेल, तर हाताशी किती वेळ उरतो ते उघड आहे. क्लास टू कॅव्हिटीत (दोन दातांमधल्या बाजूच्या खड्ड्यात) थर बसवताना मटेरियल कडेला नीट पसरत नाही, कोरडे पडल्यासारखे होते आणि इन्स्ट्रुमेंटला धरून उचलून येते. विद्यार्थ्यांना वाटते की विभागाची सिरिंज जुनी झाली आहे. पुष्कळदा कारण त्यांच्या कपाळावर असते. बाँडिंग एजंटचेही (भरण दाताला चिकटवणाऱ्या द्रवाचेही) तसेच आहे. ते डॅपन डिशमध्ये आधी काढून ठेवून त्यावर हेडलाइटचा झोत सोडून बसू नये.

मात्र फिल्टर कायम लावून ठेवायचा नाही, कारण त्यातून कीड लागलेल्या डेंटिनचा रंग कळत नाही आणि उजेडही घटतो. म्हणून बोटाच्या एका धक्क्याने वर-खाली होणारा, बिजागरीचा फिल्टर घ्यावा. चुंबकाने चिकटणारे फिल्टर धक्का लागला की निसटतात आणि रुग्णाच्या अंगावर पडतात.

घेण्याआधी दोन चाचण्या नक्की करा. एंडोच्या (रूट कॅनलच्या) प्री-क्लिनिकलसाठी प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवलेली, ॲक्सेस केलेली काढलेली दाढ तुमच्याकडे असेलच. निर्जंतुक केलेला तो ठोकळा दुकानात न्या, ४० सेंटिमीटरवर धरा आणि चेंबरचा तळ कडेपर्यंत उजळतो का ते पाहा. दुसरे म्हणजे मिक्सिंग पॅडवर कॉम्पोझिटचे दोन छोटे गोळे घेऊन एकावर फिल्टर लावून आणि दुसऱ्यावर न लावता उजेड टाका आणि अधूनमधून प्रोबने टोचून पाहा. स्वस्त दिव्यांचे काही फिल्टर नुसतेच नारिंगी दिसतात, निळा उजेड अडवत नाहीत, आणि ते डोळ्यांनी ओळखता येत नाही.

मिरजेचा_दवाखाना

अक्कलदाढ सरांनी फार उपयुक्त माहिती दिली आहे. एका मुद्द्यावर मात्र माझे मत आदरपूर्वक वेगळे आहे. माझ्या अनुभवाने विद्यार्थ्याने थोडे थांबून, पैसे साठवून लूप आणि दिवा एकत्रच घ्यावेत. तिसऱ्या वर्षात वाकून काम करण्याची सवय लागली की ती पुढे जात नाही. मला प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतच मानेचा त्रास सुरू झाला. लूपमुळे ठरावीक अंतरावरूनच स्पष्ट दिसते, त्यामुळे पाठ आपोआप ताठ राहते. नुसत्या दिव्याने मनुष्य अधिकच जवळ जाऊन पाहू लागतो, असे मी माझ्याकडे येणाऱ्या नवीन डॉक्टरांच्या बाबतीत पाहिले आहे.

अक्कलदाढ

मानेबद्दल तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि लूपच्या उपयोगाबद्दल वादच नाही. मी दिवा आधी म्हणतो त्याची कारणे दोन आहेत. लूप बनवताना काम करण्याचे अंतर आणि भिंगांचा खाली झुकण्याचा कोन व्यक्तीनुसार ठरवतात. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची बसण्याची पद्धत अजून ठरलेली नसते. कधी तो उभा राहून काम करतो, कधी चेअरची उंची चुकलेली असते. त्या अवस्थेत घेतलेले माप इंटर्नशिपपर्यंत बदलून जाते, आणि चुकीच्या कोनाचे लूप मानेला मदत करण्याऐवजी तिला आणखी वाकवते. दुसरे कारण पैशाचे आहे. दहा हजारांत धड लूप येत नाही, पण धड दिवा येतो. शिवाय कमी उजेडात दिसत नाही म्हणूनही विद्यार्थी जवळ वाकतात. निदान ते कारण दिव्याने दूर होते.

तुमच्या मुद्द्याला धरून एक सूचना करतो. दिवा घेताना तो पुढे लूपच्या मधल्या पट्टीवर बसवता येईल का, हे विचारून घ्यावे. काही दिव्यांना फक्त चिमटा असतो, काहींना स्क्रूने बसणारा जोड सुटा मिळतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर आजचे पैसे उद्या वाया जात नाहीत. लूप आल्यावर दिवा लागणारच आहे, कारण भिंगांतून पाहताना चित्र मोठे होते तसा उजेडही कमी भासतो.

सोल्डरगन

मी दंतवैद्य नाही. वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि असे दिवे माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून त्या बाजूने लिहितो.

बिघाडाची जागा दहांपैकी नऊ वेळा एकच असते, आणि ती म्हणजे वायर जिथे बॅटरीच्या जॅकमध्ये शिरते तो पहिला इंच. तिथे वायर सतत दुमडते, आतली तार तुटते आणि मान हलवली की दिवा लुकलुकतो. म्हणून त्या जागी लवचीक रबरी बाही आहे का ते पाहा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वायर दोन्ही टोकांना सुटी होते का ते पाहा. दिव्याच्या डोक्यातच कायमची जोडलेली वायर असेल, तर ती तुटल्यावर अख्खा दिवा उघडावा लागतो. घेतानाच एक जास्तीची वायर मागून घ्या आणि बिलावर तिची नोंद करून घ्या. नंतर सुटी वायर मिळणार नाही, नवीन संच घ्या, असे उत्तर मिळालेले कितीतरी ग्राहक माझ्याकडे येतात.

बॅटरीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. बहुतेक पॅकमध्ये १८६५० हा सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५०० एमएएचपर्यंत जाते. एका सेलवर ६,००० किंवा ९,९०० छापले असेल, तर तो छापणारा खोटे बोलतो आहे आणि बाकीच्या आकड्यांबाबतही त्याचा भरवसा धरू नये. हिशेब सोपा आहे. ३.७ व्होल्ट आणि ३,००० एमएएच म्हणजे सुमारे ११ वॉट-तास. दिवा ३ वॉटचा असेल तर सर्किटमधली घट धरून पूर्ण उजेडावर तीन तासांच्या आसपास, निम्म्या उजेडावर सहा तास. जाहिरातीतले तास बहुधा सर्वांत मंद पायरीचे असतात. सेल सुटा काढून बदलता येत असेल तर दुसरा जवळ ठेवावा. मात्र धातूची नाणी किंवा किल्ल्या असलेल्या खिशात उघडा सेल ठेवू नये, त्यासाठी प्लॅस्टिकची डबी मिळते. सेल आणि चार्जर या दोन्हींवर बीआयएसचे चिन्ह आणि त्याखाली आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे.

आणखी एक चाचणी. उजेड मंद करून मोबाइलचा कॅमेरा दिव्याने उजळलेल्या भिंतीवर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा फार वेगाने चालू-बंद होऊन मंद झालेला भासतो आहे. पट्टे जितके गडद तितका डोळ्यांना त्रास अधिक. फिरता बर (ड्रिलचे टोक) पाहताना तो थबकल्यासारखाही दिसू शकतो. दिवा अर्धा तास चालू ठेवून त्याचे डोके बोटाने चाचपून पाहा. कोमट असेल तर हरकत नाही. हात लावता येत नसेल, तर आत उष्णता बाहेर टाकायला पुरेसा ॲल्युमिनियम नाही, आणि अशा दिव्याचा उजेड तापल्यावर उतरत जातो.

शिबिरार्थी

क्लिनिकपलीकडचा एक उपयोग कुणी लिहिला नाही, म्हणून सांगते. मी पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत आहे. इंटर्नशिपमध्ये तुम्ही शाळांत आणि आश्रमशाळांत तपासणीला जालच. तिथे मुले लाकडी खुर्चीवर व्हरांड्यात बसवून, तोंडातला आरसा आणि प्रोब घेऊन तपासावी लागतात. पुस्तकात ज्याला टाइप थ्री तपासणी म्हणतात ती हीच, आणि तिच्या व्याख्येतच पुरेसा उजेड अपेक्षित आहे. दुपारनंतर व्हरांड्यात ऊन सरकले की वरच्या दाढांमधली कीड सुटून जाते आणि नोंदी चुकतात. टांझानियात १९८०च्या दशकात वीज नसलेल्या गावांसाठी एआरटी ही पद्धत विकसित झाली. हातातल्या इन्स्ट्रुमेंटने कीड काढायची आणि ग्लास आयोनोमर भरायचे. त्या कामात स्वतःच्या बॅटरीवर चालणारा दिवा हाच सगळा आधार असतो. साधे ग्लास आयोनोमर उजेडाने घट्ट होत नाही, त्यामुळे तिथे फिल्टर खाली घेण्याची गरज नसते. फिल्टर वर ठेवूनच काम करा, कारण मऊ डेंटिन कुठे संपले ते रंगावरूनही कळावे लागते.

लहान मुलांच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. दिवा लावलेल्या अवस्थेत मुलाकडे पाहून बोलू नका. झोत थेट त्याच्या डोळ्यांत जातो, ते दचकते आणि पुढे तोंड उघडत नाही. आधी दिवा बंद ठेवून नाव विचारावे, मग दिवा त्याच्या तळहातावर पाडून दाखवावा आणि त्यानंतर तोंडाकडे न्यावा.

तिसरे_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाने कुणी सांगेल असे वाटले नव्हते. प्लास्टरचा ठोकळा आणि विभागातून विचारून घेतलेले थोडे मुदत संपलेले कॉम्पोझिट घेऊन मी काही दुकाने पालथी घातली. जे दिसले ते पुढच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

६०,००० लक्स लिहिलेल्या बिनवायरच्या दिव्याचा झोत भिंतीवर पाडला तेव्हा मध्ये निळसर ठिपका आणि कडेला पिवळे कडे दिसले. अंतर विचारल्यावर दुकानदारांना सांगता आले नाही. तो नाकावर बसत होता, पण आतल्या बॅटरीमुळे त्याचे डोके उंच होते, त्यामुळे दाढेच्या तळावर मेसिअल (पुढच्या) बाजूला काळी रेघ राहत होती. कपाळाच्या पट्ट्याच्या दिव्यात ती रेघ चांगलीच रुंद झाली आणि सरांनी मांडलेले गणित डोळ्यांनी पाहायला मिळाले. वायरचा, चिमट्याचा एक साधा दिवा मात्र भुवयांच्या अगदी जवळ बसला आणि तिन्ही कॅनलची तोंडे एका नजरेत दिसली. त्यावर ४० सेंटिमीटरला २५,००० लक्स असे अंतरासह लिहिलेले होते.

कॉम्पोझिटची चाचणी पाहून तर दुकानदारही जवळ येऊन उभे राहिले. फिल्टरविना ठेवलेल्या गोळ्यावर थोड्याच वेळात पापुद्रा धरला आणि प्रोबचे टोक आत जाण्याऐवजी गोळाच सरकू लागला. या वायरच्या दिव्याच्या फिल्टरखाली ठेवलेला गोळा शेवटपर्यंत मऊ राहिला. दुसऱ्या एका दिव्याचा फिल्टर रंगाने याहून गडद होता, पण त्याखालचा गोळा कडेने घट्ट झाला. डोळ्यांनी पाहून मी तोच चांगला म्हटला असता.

वायर दोन्ही टोकांना सुटी होते आणि जास्तीची वायर बिलात लिहून घेतली आहे. सगळे मिळून ठरवलेल्या रकमेत बसले. आता दोन शंका उरल्या आहेत. माझ्या चश्म्याची फ्रेम पातळ प्लॅस्टिकची आहे आणि दिवा लावला की चश्मा नाकावरून खाली घसरतो. आणि दोन रुग्णांच्या मध्ये दिवा कशाने पुसावा?

नागपूरची_इंटर्न

चश्म्याच्या दोन्ही काड्यांना मागून जोडणारा लवचीक पट्टा मिळतो, तो लावा आणि डोक्यामागे घट्ट करा. वजन नाकावरून काड्यांवर आणि डोक्यावर वाटले जाते. नाकावरचे सिलिकॉनचे पॅडही बदलून घ्या. चष्म्याच्या दुकानात ते लगेच बसवून देतात. फ्रेम फारच पातळ असेल तर चिमट्याजवळ ती वाकते आणि झोत हळूहळू खाली उतरतो. तसे झाले तर क्लिनिकसाठी एक वेगळी, मधला पूल जाड असलेली फ्रेम करून घ्यावी लागेल.

अक्कलदाढ

चाचण्या इतक्या नेटकेपणाने केल्याबद्दल अभिनंदन. तुमची नोंद मी आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे.

स्वच्छतेबद्दल सांगायचे तर दिवा ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही, म्हणून हात लागतो ती जागा झाकणे हाच खरा उपाय. बॅटरीची कळ आणि फिल्टरची कडी या दोनच जागांना काम चालू असताना स्पर्श होतो. बॅटरीच्या पॅकला स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म गुंडाळा आणि प्रत्येक रुग्णानंतर बदला. फिल्टर हलवायचा झाल्यास शक्यतो निर्जंतुक गॉजचा तुकडा मध्ये धरून हलवा. धातूचा भाग आणि वायर पृष्ठभागासाठीच्या जंतुनाशक वाइपने पुसता येतात, पण भिंग आणि फिल्टर यांना स्पिरिट लावू नका. प्लॅस्टिकला बारीक तडे जातात, लेप उडतो आणि काही महिन्यांत उजेड धुरकट होतो. त्यांना साबणाच्या पाण्यात किंचित ओला केलेला मऊ कपडा पुरतो. जंतुनाशक थेट दिव्यावर फवारायचे नाही, ते जोडांतून आत शिरते.

रुग्णाला गडद गॉगल द्यायला विसरू नका. आणि शिक्षकांना काम तपासायला बोलवाल तेव्हा मान वर करण्याआधी दिवा बंद करा. तपासणाऱ्याच्या डोळ्यांत झोत गेला, की त्यानंतर काही क्षण त्याला तुमच्या कॅव्हिटीतले काहीच नीट दिसत नाही.

तिसरे_वर्ष

पट्टा आजच घेतला आणि चश्मा आता जागेवर राहतो. उद्या कॉन्झर्व्हेटिव्हच्या पोस्टिंगला वरच्या पहिल्या दाढेचे क्लास टू आहे. फिल्टर मॅट्रिक्स बँड (दाताभोवतीची पातळ पट्टी) बसवल्यावर खाली घ्यावा, की बाँडिंग लावण्याच्या आधीच?

अक्कलदाढ

बाँडिंगची बाटली उघडण्याआधी. एचिंग करून (आम्ल लावून), धुऊन, कॅव्हिटी हवी तेवढी कोरडी झाली आहे हे पांढऱ्या उजेडात पाहून घ्या, कारण इनॅमलचा खडूसारखा पांढरेपणा फिल्टरमधून कळत नाही. मग फिल्टर खाली घ्या आणि शेवटच्या थराचे क्युअरिंग होईपर्यंत वर करू नका. बँड काढल्यावर पुन्हा पांढऱ्या उजेडात कडा तपासा.